भैरवीनंतर पुन्हा तंबोरा? संपलेल्या ॲनिमेचे सीक्वेल बघावेत की सोडावेत

चतुर्थीच्या सुट्टीत भाचा डिचोलीहून आमच्याकडे फोंड्याला आला होता. खाली गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची गडबड, बाहेर पाऊस, आणि हा वरच्या खोलीत 'माडोका मागिका' ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघत बसलेला. बारा एपिसोड, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला खाली आला तेव्हा डोळे सुजलेले होते. "मावशे, संपलं," म्हणाला. मग कप अर्धा झाल्यावर, "पुढे एक सिनेमा आहे. बघू की नको?"

मी "आजचा दिवस थांब" एवढंच म्हटलं आणि नारळ खवायला बसले. त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं. शाळेतून येऊन दप्तर टाकून कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झी' बघायचे तेव्हापासून हा प्रश्न माझ्याबरोबर आहे. गोष्ट संपली, मन भरलं, आणि कोणीतरी सांगतं की अजून आहे. मग काय करायचं?

माझी बाजू आधीच सांगते. माझा कल थांबण्याकडे आहे, पण सरसकट नाही. काही सीक्वेल असे आहेत की त्यांच्याशिवाय मूळ मालिका मला आता अपुरी वाटते. म्हणून दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघू. पुढे बऱ्याच मालिकांचे शेवट उघडे केलेत. ज्या मालिकेचं नाव ओळखीचं पण शेवट अजून बघायचा आहे, तो परिच्छेद सोडून पुढे जा.

ठरवण्यासाठी मी जो मापदंड वापरते तो ॲनिमेतून आलेला नाही, आमच्याच तालुक्यातून आलेला आहे. केसरबाई केरकर इथल्या केरीच्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत गेली आणि आज ती सूर्यमालेच्या पलीकडे कुठेतरी आहे. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गाण्याची बैठक असली की भैरवी सुरू होताच मागचे लोक चपला शोधू लागतात, आणि जाणते मात्र आणखी पुढे सरकून बसतात. भैरवीनंतर दुसरा राग गात नाहीत. गवयाचा आवाज दमलेला असतो असं नाही. भैरवीने जे मिटवलं ते पुन्हा उघडायचं नसतं.

तर सीक्वेल समोर आला की मी आधी बघते, मूळ मालिकेत भैरवी झाली होती का? झाली असेल तर त्या शेवटासाठी पात्रांनी जी किंमत मोजली ती सीक्वेल परत करतोय का, हे बघते. बाकी सगळं, म्हणजे स्टुडिओ कोणता, ॲनिमेशन कसं, आवाज तेच आहेत का, हे त्यानंतर.

यामातो आणि गंडम

हा वाद आजचा नाही. 'स्पेस बॅटलशिप यामातो' १९७४ साली टीव्हीवर आली. प्रेक्षक कमी म्हणून ठरल्यापेक्षा आधी, २६ भागांत संपवावी लागली. तरी शेवट पक्का होता. पृथ्वी वाचवण्याचं साधन घेऊन जहाज परत येतं, आणि पृथ्वी डोळ्यांना दिसू लागते तेव्हा कॅप्टन ओकिता प्राण सोडतो. घर दिसतं, पण पोचणं नशिबात नाही. ज्याने एवढा प्रवास घडवला त्याच्या वाट्याला हे यावं, यातच त्या मालिकेचं सगळं वजन आहे.

१९७८ च्या ऑगस्टमध्ये पुढचा सिनेमा आला. त्याच्या नावातच निरोप होता. जहाजावरचे बहुतेक जण मरतात आणि शेवटी तरुण नायक कोदाई जहाजासकट शत्रूवर झेपावतो. याहून मोठी भैरवी ती काय. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर 'यामातो २' सुरू झाली. गोष्ट जवळजवळ तीच, फक्त शेवट बदललेला. कोदाई वाचला, जहाजही वाचलं. पुढचे सगळे भाग या बदललेल्या शेवटावर उभे राहिले, आणि १९८३ च्या 'फायनल यामातो'मध्ये तर पहिल्या मालिकेत गेलेले कॅप्टन ओकितासुद्धा परत आले.

ओकिता परत आल्याचं मला सगळ्यात जास्त टोचतं. कोदाई वाचला ते एकवेळ चालेल, तरुण पोरगा आहे. पण ओकिता परतले की पहिल्या मालिकेतला तो क्षण, खिडकीबाहेर निळी पृथ्वी आणि आत मिटलेले डोळे, मागे जाऊन पुसला जातो. सीक्वेलचा खरा धोका हा आहे. नुसता वाईट असला तर विसरता येतो. मागचं खोटं ठरवणारा असला तर विसरता येत नाही.

आता याच्या शेजारी गंडम ठेवा. 'मोबाइल सूट गंडम' १९७९ ची. तीसुद्धा ठरलेल्या भागांआधी, ४३ वर थांबवावी लागली. नंतर बान्दाईची प्लॅस्टिकची मॉडेलं आणि १९८१-८२ मधले तीन संकलित सिनेमे यांनी तिला खरा प्रेक्षक मिळवून दिला. १९८५ मध्ये त्याच दिग्दर्शकाने, योशियुकी तोमिनो यांनी, 'झेटा गंडम' केली. गोष्टीत मधे सात वर्षं गेलीत. पहिल्या मालिकेतला नायक आमुरो युद्ध जिंकून आपल्या सोबत्यांकडे परतला होता. आता तो मोठ्या घरात राहतो, पण पहाऱ्यात. ज्या बाजूसाठी तो लहानपणी लढला, त्याच बाजूतून टायटन्स नावाची क्रूर फौज उभी राहिली आहे. आणि त्याचा जुना शत्रू शार नाव बदलून त्या फौजेविरुद्ध लढतोय.

फरक स्वच्छ दिसतो. 'झेटा' काहीच परत करत नाही. उलट म्हणते, जिंकलात ना, आता जिंकण्याची किंमत पाहा. नवा नायक कामील सगळ्या लढाया लढून शेवटी मनाने कोसळतो. पहिल्या मालिकेत जो विजय वाटला होता तो इथे जास्त खोल आणि जास्त दुःखाचा होतो, पण खोटा कधीच होत नाही. २००५-०६ मध्ये तोमिनो यांनी 'झेटा'चे तीन सिनेमे केले, तेव्हा तिसऱ्यात कामीलचं मन शाबूत ठेवलं. एक माणूस वीस वर्षांनी आपल्याच पात्रावर दया करतो, हे मला माणूस म्हणून समजतं. तरी दोन्हीपैकी एकच बघायची असेल तर मी टीव्हीवरची मालिकाच बघायला सांगेन.

माडोका आणि कोड गियास

भाच्याचा प्रश्न इथला होता, म्हणून जरा थांबून बोलते.

'माडोका' २०११ ची. त्या मार्चमध्ये जपानात भूकंप आणि त्सुनामी आली, त्यामुळे शेवटचे भाग लांबले आणि एप्रिलमध्ये दाखवले गेले. शेवट असा, की माडोका एक मागणं मागते: जादूची शक्ती घेतलेल्या मुली शेवटी चेटकिणी होतात, तर आजवरच्या आणि पुढच्या अशा सगळ्या मुलींना चेटकीण होण्याआधीच सोडवायचं. त्या बदल्यात ती माणूस म्हणून जगातून नाहीशी होते. ती एक नियम होते. तिच्या आईलासुद्धा ती आठवत नाही. पूर्ण आठवण उरते फक्त तिची मैत्रीण होमुरा हिच्याजवळ. माझ्या बघण्यातल्या इतक्या मालिकांमध्ये एवढा पूर्ण शेवट मोजकाच. त्यात काही सुटलेलं नाही आणि काही फुकट मिळालेलं नाही.

'रिबेलियन' हा २०१३ चा सिनेमा या शेवटावर हात घालतो. होमुरा त्या नियमातून माडोकाला ओढून खाली आणते, जग पुन्हा बदलते, आणि माडोकाला काही आठवू देत नाही. म्हणजे माझ्या कसोटीवर हा सीक्वेल सरळ नापास व्हायला हवा, कारण किंमत परत केली. पण लेखक तेच आहेत, गेन उरोबुची, आणि सिनेमाला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक आहे. किंमत परत घेणं हाच इथे गुन्हा आहे आणि तो गुन्हा करणारी स्वतःला सैतान म्हणवते. आपल्यासारखाच प्रेक्षक, जो "तिला परत आणा" म्हणत होता, तो होमुराच्या जागी उभा केलाय. हे मला पहिल्यांदा बघताना कळलं नव्हतं. तेव्हा नुसता राग आला होता. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा कळलं की तो राग बाहेरचा नव्हता, माझ्याच मनातल्या एका हट्टाचा होता.

तरी एक अडचण राहते. मालिका मिटलेली होती, सिनेमा उघडा आहे. २०२१ मध्ये त्यापुढचाही सिनेमा जाहीर झाला. म्हणजे 'रिबेलियन' बघितला की तुम्ही पुन्हा वाट बघणाऱ्यांत आलात. ज्याला मिटलेली गोष्ट जवळ ठेवायची आहे त्याने मालिकेवर थांबावं, त्यात कसलाही कमीपणा नाही. ज्याला बघायचाच आहे त्याने मधे थोडे दिवस जाऊ द्यावेत. दुसऱ्या रात्री संपवून तिसऱ्या सकाळी लावू नये. आधीचा शेवट अंगात मुरायला वेळ लागतो.

'कोड गियास'चं वेगळं. दुसरा सीझन २००८ च्या सप्टेंबरमध्ये संपला. नायक ललूश सगळ्या जगाचा द्वेष स्वतःवर ओढून घेतो आणि स्वतःच ठरवल्याप्रमाणे मित्राच्या हातून मरतो. शेवटच्या दृश्यात गवताच्या गाडीवर पडून त्याची सोबतीण सी-टू त्याच्याशी बोलते, आणि गाडी हाकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. एवढ्या एका न दिसणाऱ्या चेहऱ्यावरून मी आणि माझा धाकटा भाऊ वर्षानुवर्षं भांडलो. लग्नाच्या पंक्तीत भांडलो, मडगावच्या बसमध्ये भांडलो. तो म्हणायचा ललूशच आहे, मी म्हणायचे मेलेल्याला मरू दे.

२०१९ मध्ये ललूशला परत आणणारा सिनेमा आला. कागदोपत्री तो टीव्ही मालिकेचा पुढचा भाग नाही. २०१७-१८ मध्ये मालिकेचे तीन संकलित सिनेमे झाले, त्यांत काही घटना बदलल्या, आणि नवा सिनेमा त्या बदललेल्या वाटेवरचा. त्यामुळे मूळ शेवट सुरक्षित आहे असं म्हणता येतं. बघायला सिनेमा वाईट नाही, जुनी माणसं भेटतात, काही प्रसंग सुंदर आहेत. पण 'रिबेलियन'सारखं त्याच्याजवळ सांगायला काही नाही. ललूश परत यावा असं लोकांना वाटत होतं, तो परत आला, एवढंच. त्या दिवसापासून भाऊ आणि मी त्या गाडीवाल्याबद्दल बोललेलो नाही. आमचं एक भांडण गेलं आणि मला त्याचं वाईट वाटतं. दोन्हींतून एक निवडायचं तर 'रिबेलियन' बघा, आणि 'कोड गियास' गवताच्या गाडीवर सोडून द्या.

जिथे भैरवी झालीच नव्हती

इथे मला फार विचार करावा लागत नाही. मांगा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा, अजून चालू असताना ॲनिमे संपली किंवा थांबवली गेली असेल तर पुढचं किंवा नव्याने केलेलं नक्की बघावं. ऐन रंगात आलेला ख्याल करंट गेला म्हणून थांबला, तर दिवे आल्यावर तो पुरा ऐकायचाच असतो.

'ब्लीच' २०१२ च्या मार्चमध्ये ३६६ भागांवर थांबली. ताइतो कुबो यांची मांगा २०१६ पर्यंत चालली. शेवटचं मोठं युद्ध ॲनिमेत यायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. दहा वर्षांचा खंड, पण कुबो स्वतः कामात होते आणि मांगात घाईने उरकलेल्या काही जागा इथे त्यांच्या देखरेखीखाली भरून निघाल्या. मधल्या फिलर, म्हणजे मांगात नसलेल्या भरीच्या, भागांनी कंटाळून जे सोडून गेले त्यांनी परत यावं.

'फुलमेटल अल्केमिस्ट'मध्ये आणखी गंमत आहे. २००३ ची मालिका ५१ भागांची, पण तेव्हा हिरोमु अराकावा यांची मांगा अर्ध्यावर होती. म्हणून ॲनिमेवाल्यांनी आपला वेगळा शेवट रचला. २००९ मध्ये 'ब्रदरहूड' आली ती मांगाच्या वाटेने चालणारी, ६४ भागांची, आणि ती संपली त्याच सुमारास, २०१० मध्ये, मांगाही संपली. बहुतेक लोक आज थेट 'ब्रदरहूड' बघा सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. 'ब्रदरहूड' सुरुवातीचे प्रसंग फार भरभर उरकते, आणि निना नावाच्या त्या छोट्या मुलीचं दुःख २००३ च्या मालिकेत जास्त खोल उतरतं. दोन्ही बघण्याइतका वेळ असेल तर जुनी आधी बघा. एकाच बंदिशीच्या दोन घराण्यांच्या गायक्या म्हणून त्या ऐकता येतात. एकीने दुसरीचं काही हिरावलेलं नाही.

'फ्रूट्स बास्केट'चंही तसंच. २००१ ची २६ भागांची मालिका मांगाच्या बऱ्याच आधी थांबली. २०१९ ते २०२१ मध्ये नव्या कलाकारांसह ६३ भागांत गोष्ट शेवटपर्यंत गेली. नवीच बघा.

दुसरी बैठक

सीक्वेल नकोच म्हणणाऱ्यांना मी एकच नाव सांगते: 'मुशिशी'.

२००५-०६ चे २६ भाग. गिंको नावाचा माणूस डोंगरांतून, किनाऱ्यांवरून भटकतो. मुशी म्हणजे ना धड प्राणी ना धड वनस्पती, जीवनाच्या अगदी मुळाजवळचं काहीतरी. त्यांच्यामुळे अडचणीत आलेल्या माणसांना तो भेटतो, जमेल तेवढं करतो आणि पुढे निघतो. प्रत्येक भाग वेगळा. कधी बरं होतं, कधी होत नाही. आमच्या सत्तरीतल्या डोंगरांत, पावसाळ्यात धुकं उतरल्यावर, एखाद्या देवराईजवळून जाताना जे अंगावर येतं ते मला पडद्यावर फक्त या मालिकेत भेटलं आहे.

मधे आठ वर्षं गेली. युकी उरुशिबारा यांची मांगा २००८ मध्येच पूर्ण झाली होती, तिच्यातल्या बऱ्याच कथा उरल्या होत्या. २०१४ मध्ये दुसरा भाग आला. दिग्दर्शक तेच हिरोशी नागाहामा, स्टुडिओ तोच, गिंकोचा आवाज तोच. पहिला भाग संपवून दुसरा लावला तर मधे आठ वर्षं गेलीत हे कळत नाही. तोच वारा, तीच शांतता. पुढे २०१५ मध्ये आलेल्या शेवटच्या लांब कथेसह मांगा जवळजवळ पूर्ण पडद्यावर आली.

हे का जमलं? कारण पहिल्या भागात भैरवी नव्हतीच. गिंको कुठे पोचला नव्हता, कुणी जगाला वाचवलं नव्हतं, म्हणून परत घेण्यासारखं काही नव्हतं. गवई तोच, पण बैठक दुसऱ्या दिवशीची, दुसऱ्या देवळातली. 'नात्सुमे'सारख्या मालिकाही याच जातीच्या: २००८ मध्ये सुरू झाली, २०२४ मध्ये सातवा सीझन आला, आणि मऊपणा तसाच. ज्या मालिकेत प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा असतो तिचा पुढचा सीझन दिसला तर डोळे मिटून लावा. फक्त माणसं तीच आहेत ना एवढं बघा.

माणसं बदलली की काय होतं त्याला 'सायको-पास' हे उदाहरण पुरतं. २०१२-१३ चा पहिला सीझन उरोबुची यांच्या लेखणीचा. २०१४ च्या दुसऱ्यात कथेची सूत्रं दुसऱ्या लेखकाकडे, स्टुडिओही दुसरा. रक्त वाढलं, विचार पातळ झाला. २०१५ च्या सिनेमात उरोबुची परत आले आणि फरक पहिल्या अर्ध्या तासातच जाणवतो. दुसरा सीझन गाळून सिनेमा बघितला तरी फारसं काही चुकत नाही, मी तसंच सांगते.

आता 'ड्रॅगन बॉल', कारण माझ्या वयाचे सगळे आधी तेच विचारतात. 'जीटी' १९९६-९७ ची, अकिरा तोरियामांच्या मांगावर आधारलेली नाही. सोडली तरी चालेल. 'सुपर' २०१५ ते २०१८, १३१ भाग. सुरुवातीचे काही भाग काढलेले इतके कच्चे की वाईट वाटतं, पण शेवटची स्पर्धा बघण्यासारखी आहे. तिने एक शहाणपणाचं काम केलं: गोष्ट मूळ शेवटाच्या पुढे ढकलली नाही. बू राक्षसाचा पराभव आणि मूळ मालिकेचा शेवट यांच्यामध्ये दहा वर्षांची मोकळी जागा होती, तिच्यात ती जाऊन बसली. शेवट जिथे होता तिथेच राहिला. 'नारुतो'च्या पुढची मालिका 'बोरुतो', तिच्याबद्दल मला इथे काही सांगायचं नाही. ती मुलांची गोष्ट आहे आणि मुलांनीच ठरवावं.

कुर्डी आणि डिजिमोन

सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती, देवळाच्या खुणा वर येतात. दूर दूर गेलेले गावकरी जमतात, उत्सव करतात, म्हातारी माणसं इथे आमचं तुळशीवृंदावन होतं म्हणून मुलांना दाखवतात. मग मृग लागतो आणि पाणी परत चढतं. तिथे नवं घर कोणी बांधायला जात नाही.

मला वाटतं जुन्या मालिकेकडे परत जाण्याची एक चांगली रीत हीच आहे. 'डिजिमोन' १९९९ ची. 'ट्राय' नावाचे सहा भाग २०१५ ते २०१८ मध्ये आले, मुलं आता कॉलेजच्या उंबरठ्यावर. डिजिमोनचे, म्हणजे या मुलांच्या डिजिटल जगातल्या साथीदार प्राण्यांचे, आवाज जुनेच ठेवले होते, मुलांचे बदलले. मी फार आशेने बघितले आणि सहा भागांत दोन भागांची गोष्ट ताणलेली वाटली. पण २०२० चा 'किझुना' मात्र सरळ काळजात जातो. मुलं मोठी झाली की डिजिमोनशी असलेलं नातं तुटणार, एवढीच गोष्ट. मुलांतला म्होरक्या ताइची एका खोलीत राहतो, पुढे काय करायचं माहीत नाही. त्याचा डिजिमोन आगुमोन शेजारी बसून तसाच निरागस बोलतोय आणि दोघांनाही माहीत आहे की वेळ थोडा आहे.

'किझुना' जुन्या शेवटाची किंमत परत करत नाही. जी किंमत तेव्हा मुलं लहान म्हणून मोजायची राहिली होती, ती इथे मोजून घेतो. ज्यांनी लहानपणी डिजिमोन बघितली त्यांनी 'ट्राय' सोडा आणि हा बघा. ज्यांनी लहानपणी बघितली नाही त्यांना तो साधाच वाटेल, आणि ते बरोबर आहे. कुर्डीचं जोतं ज्याचं घर तिथे होतं त्यालाच दिसतं.

काहीच न केलेलं

आणि मग 'काउबॉय बिबॉप'. १९९८ ची, २६ भाग, शिनइचिरो वातानाबे. शेवटी नायक स्पाइक जिन्यावरून खाली येतो, बोटाने बंदुकीची खूण करतो, पडतो. मेला का? दाखवलेलं नाही. २००१ मध्ये सिनेमा केला तेव्हा वातानाबे यांनी तो २२ आणि २३ या भागांच्या मधल्या काळात ठेवला, शेवटाच्या पुढे पाऊल टाकलं नाही. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने खऱ्या नटांची मालिका काढली आणि तीन आठवड्यांच्या आत रद्द केली. ॲनिमेचा सीक्वेल मात्र आजवर झाला नाही. सव्वीस भाग आणि एक सिनेमा एवढ्यावर ही मालिका अजूनही प्रत्येक नवीन बघणाऱ्याला पहिली म्हणून सुचवली जाते.

याच्या शेजारी 'एफएलसीएल'. २०००-०१ मधले सहा छोटे भाग, एका मुलाच्या वयात येण्याचा सगळा गोंधळ. २०१८ पासून पुढे आणखी सीझन झाले. मूळ दिग्दर्शक त्सुरुमाकी देखरेखीला होते, पण दिग्दर्शन दुसऱ्यांचं. संगीत आहे, धावपळ आहे, मूळचा तो मुलगा नाही. मुलाचं मोठं होणं एकदाच घडतं. मी पहिल्या सहावर थांबायला सांगते.

पैशाचंही बोलायला हवं, कारण बनवणाऱ्यांना नुसता दोष देणं सोपं आहे. जपानात बहुतेक मालिका निर्मिती समितीच्या पैशावर होतात: प्रकाशक, टीव्ही, संगीत कंपनी, खेळणीवाले असे अनेक जण मिळून. स्टुडिओला बहुतेक वेळा कामाचे ठरलेले पैसे मिळतात, नफ्यातला वाटा क्वचित. अशा समितीला नव्या, अनोळखी गोष्टीपेक्षा आधी चाललेलं नाव सुरक्षित वाटतं. माझी खंत सीक्वेल वाईट निघतो एवढीच नाही. त्याच माणसांच्या त्याच दीड वर्षात कदाचित एखादी नवीन 'मुशिशी' झाली असती. चित्र काढणारे हात मोजके आहेत, आणि ते थकलेले आहेत.

एक अपवाद मात्र मला कायम गप्प करतो. हिदेआकी आन्नो यांनी 'एव्हांगेलियन' १९९६ मध्ये टीव्हीवर संपवली, १९९७ मध्ये सिनेमात पुन्हा संपवली, आणि २००७ पासून चार सिनेमांत पहिल्यापासून परत सांगितली. शेवटचा २०२१ मध्ये आला आणि जपानात त्याने १,००० कोटी येनच्या वर कमाई केली. तिसऱ्या सिनेमानंतर आपण नैराश्यात गेलो होतो हे आन्नो यांनी स्वतः जाहीर सांगितलं होतं. चौथ्यात नायक शिंजी एकेकाला निरोप देत जातो, आणि पंचवीस वर्षं बंद खोलीत बसलेला मुलगा दार उघडून बाहेर पडतो. भैरवी एकाच माणसाने तीनदा गायली आणि तिसऱ्यांदा ती बरोबर लागली. हे बघायचं असेल तर मात्र आधीचं सगळं क्रमाने बघावं लागतं, मधूनच उडी मारता येत नाही.

दीड दिवसाचा गणपती पोचवल्यावर भाचा डिचोलीला गेला. जाताना मी त्याला एवढंच म्हटलं की महिनाभर थांब, मग बघ, आणि बघून झाल्यावर राग आला तर मला फोन कर.

नवरात्रात फोन आला. बघितला होता. होमुराचा फार राग आलाय म्हणाला, आणि मग बराच वेळ तिचीच बाजू मांडत राहिला. मी नुसतं ऐकत होते. शेवटी विचारलं, आता पुढे काय बघणार? तर म्हणाला, "तू ते धुक्याचं सांगितलं होतंस ना, गिंकोचं. ते कुठून सुरू करू?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं. "आणि रोज एकच."